दुसऱ्या तासानंतर उठायचं कसं?

सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेच्या पालक-शिक्षक संघाच्या बैठकीला गेल्या पावसाळ्यात गेले होते. भाची तिथे सातवीत आहे. तिच्या आईला काजू कारखान्यातून रजा मिळाली नाही, म्हणून मावशीची वर्णी लागली. विषय होता मुलींसाठी सॅनिटरी पॅड देणारं यंत्र घ्यायचं की नाही. वाद तासभर रंगला. काहींचं म्हणणं, यंत्र घ्या, जमाना बदलला. काहींचं म्हणणं, आमच्या आज्या जुन्या लुगड्याच्या घड्या वापरायच्या, त्यांचं काय बिघडलं? ही प्लास्टिकची घाण गावात कशाला? मग सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ मोबाइलवर आकडा शोधून उभे राहिले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते की गोव्यातल्या पंच्याण्णव टक्क्यांहून जास्त तरुण मुली स्वच्छ साधनं वापरतात, तेव्हा हा प्रश्न इतर राज्यांचा असेल, आपला नाही. त्यांना टाळ्या पडल्या. आणि एवढ्या सगळ्या बोलण्यात ‘पाळी’ हा शब्द एकदाही कोणाच्या तोंडून आला नाही. ‘मुलींचा तो प्रॉब्लेम’ म्हणतच सगळं आटोपलं.

तिन्ही बाजू मला भरकटलेल्या वाटल्या, कारण तिघांचंही भांडण वस्तूवरून होतं. शाळकरी मुलीच्या पाळीतल्या स्वच्छतेची कसोटी माझ्या मते साधी आहे. दुसऱ्या तासानंतर तिला वर्गातून उठून, कोणाला काही न समजावता, संडासात जाता येतं का? आणि तिथे दाराला कडी, बादलीत पाणी आणि झाकणाची टोपली आहे का? पॅड, कापड की कप, हे त्यानंतरचं. दाराला कडी नसेल तर जगातलं सगळ्यात चांगलं पॅडही दप्तरातच राहतं.

घड्याळ लावून बघा. आपल्याकडच्या बहुतेक शाळा सकाळी आठच्या सुमाराला भरतात आणि दीडच्या सुमाराला सुटतात. वाड्यावरून येणारी मुलगी शाळेची बस, म्हणजे बालरथ, गाठायला सातला घर सोडते आणि परत पोचेपर्यंत सव्वादोन वाजतात. म्हणजे सात तासांहून जास्त. पॅड चार ते सहा तासांनी बदलावं असं डॉक्टर सांगतात, पहिल्या दोन दिवसांत त्याहूनही लवकर. म्हणजे शाळेत किमान एकदा बदलणं आलंच. जिला ते जमत नाही तिच्यापुढे मार्ग उरतात ते असे: ओलं पॅड तसंच ठेवून मांड्या सोलवटून घ्यायच्या, किंवा सकाळपासून पाणीच प्यायचं नाही म्हणजे जावंच लागणार नाही, नाहीतर सरळ घरी राहायचं. पाणी न पिणाऱ्या मुली मी घरातच पाहिल्या आहेत. भाचीची बाटली शाळेतून भरलेलीच परत येते. आधी आम्हाला वाटलं, खेळण्याच्या नादात विसरते.

आकड्याची बाजू खोटी नाही, हे आधी मान्य करते. पंच्याण्णवच्या वरची टक्केवारी ही गोव्याची खरी कमाई आहे. देशाचा आकडा २०१५-१६ च्या पाहणीत ५८ टक्क्यांच्या आसपास होता, तो २०१९-२१ मध्ये ७७ च्या आसपास आला, आणि गोवा या दोन्हींच्या कितीतरी पुढे आहे. जवळची दुकानं, बायकांच्या हातातला पैसा, आरोग्य केंद्रांचं जाळं या सगळ्याचं ते फळ आहे. पण प्रश्न कोणाला विचारला होता? १५ ते २४ वर्षांच्या मुलींना. पाळी सुरू होते बाराव्या-तेराव्या वर्षी, कित्येकींची दहा-अकराव्या वर्षीही. सहावी-सातवीतली, सगळ्यात गोंधळलेली आणि सगळ्यात कमी बोलणारी मुलगी त्या पंच्याण्णवमध्ये नाही आणि उरलेल्या पाचमध्येही नाही. ती मोजलेलीच नाही. शिवाय विचारलं काय, तर तुम्ही काय वापरता. किती वेळाने बदलता, कुठे बदलता, हात धुवायला साबण असतो का, हे त्या टक्केवारीत नाही. आणि कापड तिथे सरसकट अस्वच्छ धरलं जातं, मग ते साबणाने धुऊन उन्हात वाळवलेलं का असेना. थोडक्यात, तो आकडा बाजारहाटाची बातमी देतो. शाळेच्या संडासाची खबर त्याच्याकडे नाही.

वस्तू पोचली की काम झालं, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. गावोगाव संडास बांधले, मोजले, फलक लावले. त्यातल्या किती संडासांत नारळाची सोडणं आणि मोडक्या खुर्च्या रचलेल्या होत्या ते गावात राहणाऱ्याला सांगायला नको. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं बंधनकारक केली आणि ती झालीही. पण ‘आहे’ या खान्यात खूण करताना कडी, नळ आणि दिवा कोण तपासतं? त्याहून बोलकं उदाहरण २०११ सालच्या केंद्राच्या योजनेचं. आशा सेविकेमार्फत ग्रामीण मुलींना सहा पॅडचं पाकीट सहा रुपयांत मिळू लागलं. हेतू उत्तम, आशाताईंची मेहनतही खरी. पण हिशेब करा. पाच दिवस आणि सहा पॅड, म्हणजे दिवसाला एक आणि वर एक शिल्लक. दर सहा तासांनी बदलायचं तर एका दिवसाला चार लागतात. ही योजना ज्या टेबलावर आखली गेली, तिथे बसलेल्यांपैकी कोणी बोटांवर मोजलं नव्हतं की काय?

आता कापडवाल्यांकडे वळते. यांची बाजू शहरी मंडळी हसण्यावारी नेतात, ते चूक आहे. सुती कापड स्वच्छ धुतलं आणि कडक उन्हात वाळवलं तर ते सुरक्षित असतं, स्वस्त असतं, अंगाला लागत नाही. बाजारी पॅडच्या पोटात प्लास्टिकचा थर असतो आणि पाणी शोषून फुगणारं रसायन असतं. ते माडाच्या मुळाशी पुरलं तर आपल्या नातवंडांनाही खणताना सापडेल. चार दिवस घरकामातून सुटका मिळायची, हेही काही बायका मनापासून सांगतात. माझी आजी त्यातलीच. ‘भायर’ बसलेल्या दिवसांतच तिला दुपारची झोप मिळायची.

पण ‘त्यांचं काय बिघडलं’ या प्रश्नाला उत्तर द्यायला त्या बायकांना कधी कोणी बोलतं केलं का? आजीचं अंगावरून जायचं, कंबर धरायची, ते ‘बायकांचं असतंच’ या दोन शब्दांत मिटलं. दुसरी गोष्ट, आजीच्या आयुष्यातल्या पाळ्याच कमी होत्या. लवकर लग्न, सहा-सात बाळंतपणं, प्रत्येक मूल दीड-दोन वर्षं अंगावर पिणारं. तिला उभ्या आयुष्यात आल्या असतील त्याच्या दुप्पट-तिप्पट पाळ्या आजच्या मुलीला येणार आहेत. तिसरी गोष्ट, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: ते कापड ज्या जगण्याला पुरत होतं त्या जगण्यात बाईने घराच्या मागच्या पडवीत बसणं गृहीत होतं. साडेपाच तास बाकावर बसून बीजगणित सोडवणं त्या व्यवस्थेत नव्हतंच. आज्जीचं कापड हवं असेल तर आज्जीची पडवीही सोबत येते, आणि शाळा सुटते.

शिवाय इथला पाऊस. कडक उन्हात वाळवा हे सांगणारा माणूस गोव्यात जुलै महिना राहिलेला नसणार. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. या दिवसांत गणवेशाचा शर्टसुद्धा न्हाणीत पाणी तापवायच्या भाणाच्या वर दोरी बांधून धगीवर सुकवावा लागतो. मग ज्या कपड्यावर कोणाची नजर पडू नये अशी ताकीद आहे, तो कुठे वाळणार? दाराआड, परकराखाली, गोणपाटामागे. ओलसर, कोंदट, अर्धा सुकलेला. दोष कापडाचा नाही. त्याला उजेडात दोरीवर टाकायची मुभा नाही, म्हणून ते घातक होतं. ज्यांना कापड प्रिय आहे त्यांनी आधी ही मुभा द्यावी. घरच्या पुरुषांच्या बनियनशेजारी दोरीवर ते कापड वाळत घालून दाखवावं, मग आपण प्लास्टिकवर बोलू.

प्लास्टिकचा मुद्दा मात्र मी टाळणार नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी पॅड बनवणाऱ्यांवर प्रत्येक पाकिटासोबत विल्हेवाटीसाठी पिशवी देण्याची जबाबदारी टाकली. सुटं पॅड गुंडाळण्यासाठी अशी पिशवी तुमच्यापैकी कितीजणींना मिळते? त्याच वर्षी साळगावचा कचरा प्रकल्प सुरू झाला, पंचायती सुका कचरा दारातून उचलू लागल्या, पण काळ्या पिशवीतला हा ओला-सुका दोन्ही नसलेला कचरा कुठल्या डब्यात टाकायचा यावर घरोघरी अजून घोळ आहे. बहुतेक ठिकाणी तो पालापाचोळ्यासोबत परसात जळतो. शाळांना विकली जाणारी छोटी जाळण्याची यंत्रं याच आगीची वीजेवरची आवृत्ती आहेत. असा कचरा ८०० अंश सेल्सियसच्या वर जळला पाहिजे, नाहीतर विषारी धूर होतो, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ सांगतं. वऱ्हांड्याच्या कोपऱ्यातलं, ज्याच्या धुराने शेजारच्या वर्गाची खिडकी काळी होते, ते यंत्र एवढं तापतं यावर माझा विश्वास नाही. केरळात आलप्पुळा नगरपालिकेने २०१९ साली बायकांना मासिक पाळीचे कप वाटले, आणि एर्नाकुळम जिल्ह्यातल्या कुंबळंगी गावाने २०२२ मध्ये पॅडमुक्त होण्याचा विडा उचलला. मला ते प्रयोग आवडतात. मोठ्या मुलींना, बायकांना हा पर्याय कळलाच पाहिजे. पण कप रिकामा करायलाही बंद दार आणि हाताशी पाणी लागतं. फिरून आपण त्याच कडीपाशी येतो.

बैठकीत सगळ्यात जड शब्द पडला तो संस्कृतीचा. हे घरातलं, आईने मुलीला सांगायचं, वर्गात मुलग्यांसमोर याची चर्चा आपल्यात बसत नाही. या म्हणण्यातलं खरं आधी घेते: अंगाच्या गोष्टींना आडोसा हवाच, आणि कित्येक आया हे काम फार प्रेमाने करतात. पण हा विषय आपल्या समाजात चारचौघांत कधी निघालाच नाही, हे साफ खोटं आहे. १८९०-९१ मध्ये अख्खा महाराष्ट्र याच विषयावर भांडत होता. कलकत्त्याची फुलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या जबरदस्तीने मेली आणि संमतिवयाची मर्यादा दहावरून बारावर नेण्याचा कायदा आला. विरोधकांचा मोठा आधार होता गर्भाधान संस्कार, म्हणजे मुलीला पहिल्यांदा न्हाण आलं की लगेच करायचा विधी. टिळक सरकारी कायद्याच्या विरोधात, आगरकर आणि भांडारकर बाजूने. मुलीला न्हाण कधी येतं, त्यानंतर काय करणं शास्त्राला धरून आहे, यावर वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरत होते, सभा होत होत्या. तेव्हा कोणाची संस्कृती बुडाली नाही. रखमाबाईंसारखा एखादा अपवाद सोडला तर बोलणारे सगळे दाढीमिशीवाले होते, आणि जिच्या अंगाबद्दल ही चर्चा चालली होती ती मुलगी माजघरात होती. म्हणजे हा विषय चव्हाट्यावर आणायला आपल्याला कधीच लाज वाटली नाही. लाज वाटते ती मुलीने स्वतः तोंड उघडलं की.

पुढे रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ काढून शरीराबद्दल शास्त्रीय मराठीत लिहिलं, तर त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली आणि तरी ते हरले. २००७ मध्ये महाराष्ट्राने शाळांतलं लैंगिक शिक्षण बंद केलं तेव्हाची भाषणं काढून वाचली तर त्या खटल्याचीच आठवण होते. या मधल्या काळात अश्लीलता कशात आहे याची आपली समज किती पुढे सरकली?

‘आई सांगेल’ यावर विसंबून राहायचं तर आईला कोणी सांगितलं होतं? एनसीईआरटीच्या विज्ञानात वयात येण्याचा धडा वर्षानुवर्षं आठवीत होता, म्हणजे अनेकींच्या बाबतीत पाळी येऊन वर्ष-दोन वर्षं झाल्यावर. नव्या पुस्तकात तो सातवीत आला हे बरं झालं. पण धडा पुस्तकात असणं वेगळं आणि शिकवला जाणं वेगळं. ‘हा घरी वाचून या’ हे वाक्य आमच्या काळी सर म्हणायचे, भाचीच्या टीचरही म्हणतात. शिक्षकांना दोष देताना मला जड जातं. चाळीस मुलं समोर, मागच्या बाकावर खसखस, उद्या एखादा पालक दारात उभा. त्यांना कोणी तयार केलं नाही. तरीही त्या गाळलेल्या धड्याची किंमत मुली मोजतात. पहिली दोन वर्षं पाळी पुढेमागे होते, दोन महिने येतही नाही, हे साधं ज्ञान नसल्याने पोरी भेदरतात. उलट बाजूने, आठ-दहा दिवस रक्त जात असेल, तासाभरात पॅड भिजत असेल तर डॉक्टर गाठायला हवा, हे माहीत नसल्याने गप्प राहतात. गोव्यात १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी जवळपास चाळीस टक्क्यांमध्ये रक्त कमी आढळतं. शाळेत दर आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते ती कशासाठी, आणि तिचा आपल्या पाळीशी काय संबंध, हे गोळी गिळणाऱ्या किती मुलींना माहीत आहे? ती गोळी खिडकीबाहेर टाकणारीला आळशी म्हणून मोकळं होणं सोपं.

मुलग्यांना बाहेर काढून मुलींना एका खोलीत गोळा करायचं आणि दबक्या आवाजात अर्धा तास भाषण द्यायचं, ही आपली ठरलेली पद्धत. त्यामुळे मुलग्यांना एवढंच कळतं की आत काहीतरी लपवण्यासारखं चाललंय. खसखस तिथूनच सुरू होते. गणवेशावर डाग पडलेली मुलगी बालरथात उभी राहून घरी जाते ती त्या खसखशीला भिऊन. पोट दुखतं तसं हे आहे, एवढं मुलग्यांना वर्गात, त्यांच्याच सरांनी, सरळ मराठी-कोंकणीत सांगितलं तर काय आभाळ कोसळेल? दुकानदार पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून देतो, तोही कधीकाळी त्याच वर्गाबाहेर काढलेला मुलगा होता.

आपले जाहीर वाद मात्र भलतीकडेच. २०१८ च्या जुलैत पॅडवरचा जीएसटी गेला, सप्टेंबरात शबरीमलाचा निकाल आला. आम्ही दोन्हींवर आठवडेच्या आठवडे भांडलो. मला देवळाच्या वादात इथे शिरायचं नाही. सातेरी या ग्रामदेवतेला रोयणीच्या, म्हणजे वारुळाच्या रूपात, जमिनीच्या कुशीतून वर आलेली माती म्हणून पुजणाऱ्या या मुलखात बाईचं रक्त अपवित्र कसं ठरलं याचं कोडं मला आहेच, पण शाळेच्या संडासाने त्या कोड्याचं उत्तर मिळेपर्यंत थांबू नये. १० एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शाळकरी मुलींच्या पाळीतल्या आरोग्याबद्दल देशभर एकसारखं धोरण आखायला सांगितलं. त्यावरही आपल्या चर्चेत पुन्हा तेच: फुकट पॅड किती, कोणाच्या पैशाने.

गोव्याला खरं तर हे समजायला सोपं जायला हवं. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावागावांत मराठी प्राथमिक शाळा काढल्या. तोवर मुलींनी शिकावं का यावर कमी का चर्चा झाली होती? पण माझी आई शिकली ती कोणाचं व्याख्यान ऐकून नव्हे. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आली, आणि गुरं राखायच्या वेळेआधी सुटायची, म्हणून आजोबांना नाही म्हणायला कारण उरलं नाही. आज तीच गोष्ट आणखी पन्नास पावलांवर अडली आहे, वर्गापासून संडासापर्यंत.

त्या बैठकीत शेवटी यंत्र घ्यायचं ठरलं. ते बसवलंय मुख्याध्यापकांच्या खोलीसमोर, जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेत, आणि त्याला पाच रुपयांचं नाणं लागतं. बालरथाने येणाऱ्या मुलीच्या खिशात सुटं नाणं असायचं काही कारण नसतं. भाची म्हणते, त्यातलं एक पॅडसुद्धा तिने कोणाला काढताना पाहिलेलं नाही. मुलींच्या तीन संडासांपैकी दोघांना कडी नाही; एकीने दार ओढून धरायचं आणि दुसरीने आत जायचं अशी जोडी ठरलेली आहे. म्हणूनच ‘बाई, जाऊ का’ विचारायला दोघी उठतात आणि टीचर ओरडतात की एकीलाच सोडणार. टोपली आहे, झाकण नाही. ती रिकामी करणारी बाई कंत्राटावर आहे, तिला हातमोजे मिळत नाहीत. तिचा विषय तर कोणीच काढला नाही.

पुढची बैठक या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आहे. विषयपत्रिका आली, त्यात यंत्राच्या देखभालीचा खर्च पहिल्या क्रमांकावर आहे. मी खाली पेनाने तीन ओळी जोडून ती परत पाठवली: दोन कड्या, एक झाकण, हातमोज्यांच्या जोड्या. आणि कंसात, बैठकीत विषय वाचून दाखवणाऱ्यांसाठी, शब्द लिहिलाय: पाळी.